दोष दिव्यांचा नव्हता, अण्णा

अण्णा,

तू गेल्यावर भेटायला येणाऱ्यांनी तुझ्याबद्दल जे काही सांगितलं ते मी भिंतीला टेकून ऐकत होते. कालव्यावर ओव्हरसियर असताना तू किती कडक होतास, कुणाच्या घरच्या चहालाही हात लावायचा नाहीस, कुणाच्या लग्नात मांडव घालण्यापासून उभा होतास. सगळं खरंच होतं. पण त्या बोलण्यातला माणूस मला ओळखू येत नव्हता. मला दिसत होतास तो बनियनवर, गाडीच्या बॉनेटखाली डोकं खुपसून, "शकू, तुझं फिजिक्स जरा बाजूला ठेव अन् पक्कड दे" म्हणून ओरडणारा. दुखवट्याच्या बैठकीत हे कुणाला सांगायचं? साठी ओलांडलेल्या बहिणीनं सत्तरीच्या भावाबरोबर बसून जुन्या ॲम्बॅसिडरची वायरिंग केली, ही काही तिथं सांगायची गोष्ट नव्हे. आता सगळे आपापल्या गावी परतलेत. तेव्हा तुझ्याशीच बोलते.

गेल्या थंडीतला तुझा फोन आठवतो. रविवारी सकाळी यायचा तसाच आला. तू बिदरला, नौबादच्या घरी. मी गुलबर्ग्यात, माझ्या दोन खोल्यांत. आठवडाभराचं भांडण आपण रविवारसाठी राखून ठेवायचो. त्या दिवशी मात्र तू भांडायच्या आधीच तक्रार सुरू केलीस.

"शकू, गाडीची लाइट लई मंद झालीय गं. काल हुमनाबादहून येताना रस्ताच दिसंना. समोरनं ट्रक आला की सगळं काळंमिट्ट."

"बल्ब बदल."

"बदललो. बॅटरी बी नवी घातलो. जन्मभर पोरांना फिजिक्स शिकवलीस न्हवं तू? मग सांग की, कामून असं व्हायलंय?"

मी सांगितलं. जुन्या गाड्यांमधे हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघून डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो, तिथून पायानं दाबायच्या डीपरमधून, आणि मग इतक्या लांबच्या बारीक तारांतून दिव्यापर्यंत. वाटेत प्रत्येक सांध्यावर थोडे थोडे व्होल्ट गळतात. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट असले तरी दिव्याला जेमतेम दहा मिळत असतील.

तू हसलास. "म्हंजे आमच्या कालव्यासारखंच की! धरणातनं सोडलेलं पाणी शेवटच्या शेताला पोचतच न्हाई."

इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं व्होल्टेज ड्रॉप इतक्या लवकर समजून घेतला नव्हता. तेव्हा तुला हे सांगितलं नाही. तू फुगला असतास.

उपाय मी सांगितला, रिले. काड्यापेटीएवढी काळी डबी. तिच्यात एक छोटं चुंबक असतं. स्विचनं नुसता हुकूम द्यायचा, भार रिलेनं उचलायचा. बॅटरीपासून जाड तार थेट रिलेपर्यंत, तिथून थेट दिव्यापर्यंत. मधली सगळी गळती बंद.

आणि मग तू अडून बसलास. अप्पांनी हैदराबादहून आणलेली गाडी. अप्पांच्या हातची वायरिंग. तिच्यात परकी वस्तू घालायची नाही. मी म्हटलं, एकही तार तोडणार नाही, जुनी वायरिंग जशीच्या तशी राहील, वाटलं तर उद्या रिले काढून पुन्हा पूर्वीसारखं करू. तू म्हणालास, रिले भर रस्त्यात जळला तर? मी म्हटलं, लांबच्या लाइटला एक आणि जवळच्या लाइटला वेगळा बसवू, एक गेला तर दुसरा असेल. त्यावर तू विजयी आवाजात, "बघ, तूच म्हणायलीस, जळंल म्हणून!"

पुढचे काही रविवार आपण त्यावरच घालवले. सुमनवहिनी मागून ओरडायच्या, "अहो, एवढं बोलण्यात गाडी दुसऱ्यांदा घडवून झाली असती!" शेवटी एका रविवारी तू आपणहून म्हणालास, "ये मग. किती जाडीची तार लागंल तेवढं सांगून ठेव." कसा काय तयार झालास, हे मी विचारलं नाही. माझ्या बोलण्यानं झालास असं धरून चालले. आता वाटतं, त्या आठवड्यात तुला कुठंतरी अंधारात मोठी भीती वाटून गेली असणार.

मी शनिवारी सकाळच्या बसनं यायचे. पहिल्या शनिवारी आपण दोघं चौबाऱ्याजवळच्या, गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडं, आणि म्हणाला, "अम्मा, इत्ती पुरानी गाडी कू रिले कायकू? बेच डालो, आराम से बैठो." तू त्याच्यावर असा चिडलास की त्यानं घाईघाईनं फ्यूजच्या दोन डब्या जास्तीच्या बांधून दिल्या. घरी येईपर्यंत तू पुटपुटत होतास, "बेच डालो म्हणे. हिला विकू?" आणि स्टीअरिंगवर हात फिरवत होतास, जसा एखाद्या म्हशीच्या पाठीवरून फिरवतात.

ते शनिवार, अण्णा. तुझं लग्न होऊन तू नोकरीच्या गावी गेलास, मी शिकायला बाहेर पडले, त्यानंतर आपण दोघं इतका वेळ एका जागी कधी बसलोच नव्हतो. सणाला भेटायचो, पण माणसांच्या गर्दीत. इथं लिंबाखाली सतरंजी, तिच्यावर तारांची भेंडोळी, मधे मीटर. वहिनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तिथंच आणून द्यायच्या आणि काळ्या हातांनी जेवता म्हणून आपल्या दोघांना सारखंच रागवायच्या. तू अप्पांच्या गोष्टी सांगायचास. मी लहान असल्यानं त्यातल्या कितीतरी मला ठाऊकच नव्हत्या. अम्मा आजारी असताना अप्पा रोज संध्याकाळी तिला गाडीत बसवून किल्ल्याच्या बाजूला चक्कर मारून आणायचे, हे मला त्या सतरंजीवर कळलं. मी तेव्हा विचारलं, "मग मला कामून नाही आठवत?" तू म्हणालास, "तू मागच्या सीटवर झोपून जायचीस. मी उचलून आणायचो."

त्या दिवसांतलंच दुसरं काही आता आठवतं. तू स्क्रू सतरंजीवर ठेवायचास आणि मग डोळ्यांनी न शोधता हातानं चाचपायचास. एकदा मी लाल तार मागितली आणि तू तपकिरी दिलीस. हत्यारांची पेटी मी तुझ्या डाव्या बाजूला ठेवली की तू हमखास तिला अडखळायचास आणि माझ्यावर खेकसायचास, "वाटेत ठेवायचं असतं व्हय?" पेटी वाटेत नसायची. मी म्हटलं, "चष्मा तपासून घे." तू म्हणालास, "नंबर वाढला असंल. बघू." मीही सोडून दिलं. सत्तरीत नंबर वाढायचाच.

दिवे लागले तो दिवस काय सुंदर होता! दोन्ही रिले डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर घट्ट बसवले होते. तारा कपड्याच्या टेपनं गुंडाळल्या होत्या, कारण प्लॅस्टिकची टेप तुला जुन्या गाडीत शोभत नव्हती. ऊन उतरल्यावर मी दिव्यापाशी मीटर धरून उभी राहिले आणि तू स्विच ओढलास. बॉनेटखाली टक् असा आवाज झाला. समोरची कंपाउंडची भिंत एकदम अशी उजळली की वहिनींनी पदर डोळ्यांवर घेतला आणि पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "काय सिनेमा लावलाय काय?" मी मीटर पाहिला. बॅटरीवर जेवढे व्होल्ट, जवळजवळ तेवढेच दिव्यावर. मी लहान मुलीसारखी नाचले, अण्णा.

तू स्टीअरिंगमागे बसून होतास. बराच वेळ पाहत राहिलास.

"लागली का लांबची?" तू विचारलंस.

मला वाटलं, तू मुद्दाम करतोयस. रिलेच्या वादात हरलास म्हणून कौतुक करायचं नाही असं ठरवलंयस. मी म्हटलं, "लागली की! गिलाव्यातल्या भेगा मोजता येतायत."

"हां. पडलाय थोडा फरक."

"थोडा?"

"चल, रस्त्यावर नेऊन बघू."

आपण हुमनाबादच्या रस्त्याला लागलो. दिवस मावळला होता, पण आभाळात उजेड होता. आपले दिवे रस्त्यावर लांबवर पसरले होते. दोन्ही बाजूंची तूर काढून झालेली मोकळी रानं, मैलाचे दगड, झाडांच्या बुंध्यांवरचे पांढरे पट्टे, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. मी डाव्या सीटवर बसून त्याचंच कौतुक सांगत होते. तू हं हं करत होतास. आणि मग डाव्या कडेनं डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली ती बाई दिसली. मला दुरूनच दिसली. गाडी कडेकडेनं तिच्याच दिशेनं चालली होती. मी वाट पाहिली, तू आता वळवशील, आता वळवशील. मग किंचाळले.

तू ब्रेक मारलास. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. पेंढी खाली पडली. त्या बाईनं कन्नडमधे शिव्यांचा सपाटा लावला. त्यातलं एक वाक्य तिनं पुन्हा पुन्हा म्हटलं, "कण्ण काणंगिल्लेन निनगं?" तुला डोळ्यांनी दिसत नाही काय? रस्त्यावर कुणीही कुणालाही म्हणतं तसंच ती म्हणत होती.

मी उतरून तिची पेंढी उचलून दिली, हात जोडले. परत आले तर तुझे दोन्ही हात स्टीअरिंगवर तसेच होते.

"कुठनं आली ती?" तू विचारलंस.

"समोरच होती, अण्णा. केव्हाची चालत होती."

 दिवे चालूच होते. मग तू इंजिन बंद केलंस, आणि अगदी शांतपणे म्हणालास, "शकू, दोष लाइटचा न्हाई."

गाडी मी परत आणली. 

गुलबर्ग्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढं गेलेला. कडेकडेची नजर गेली होती, समोरचा एक गोल तेवढा उरला होता. गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायला रोज थेंब घालायचे. गाडी चालवायची नाही. डॉक्टर हे सांगत असताना तू त्यांच्याकडं न बघता भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडं बघत होतास.

परतीच्या बसमधे मी तुला सोडायला आले होते. कमलापूरला लाल केळीवाले खिडकीशी आले तेव्हा तू एक फणी घेतलीस, सोलून मला एक दिलंस, आणि म्हणालास, "मला वाटलं, लाइटच असंल. लाइट असती तर बरं झालं असतं न्हवं?"

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणायला हवं होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "तुला कधीपासून कळत होतं?" हे विचारायचं होतं. "भीती वाटते का?" हे तर नक्की विचारायचं होतं. केळी खात बसलो, झालं. आपल्या घरात दुखण्याचं नाव घेतात, भीतीचं घेत नाहीत.

त्या संध्याकाळी निघताना मी गाडीची किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि सांगितलं, "ही अण्णाला देऊ नका. काही झालं तरी." तुझ्यासमोरच दिली. चोरून दिली नाही. तू काही बोलला नाहीस म्हणून मला वाटलं, पटलं.

पुढच्या रविवारी तुझा फोन आला. दिवसा तरी चालवू दे, असं तुझं म्हणणं. कोपऱ्यावरच्या किराणापर्यंत. सकाळी रस्त्यावर कुणी नसतं तेव्हा. मी म्हटलं, नाही. तू म्हणालास, पन्नास वर्षांत एक ओरखडा काढला नाही मी. मी म्हटलं, ती बाई हातभर अंतरावर होती. मग तू जे म्हणालास ते माझ्या कानात अजून आहे. आवाज चढवलाही नाहीस.

"तू मला लाइट द्यायला आलीस शकू, अन् गाडीच घेऊन गेलीस."

आणि फोन ठेवलास.

मी बरोबर होते, अण्णा. आजही तसंच म्हणेन. उद्या पुन्हा तीच वेळ आली तरी किल्ली तुला देणार नाही. पण बरोबर असण्यानं माझे रविवार परत आले नाहीत. तुझा फोन येईना. मी केला की वहिनी उचलायच्या, "थेंब घातले, जेवले, बरे हायत" सांगायच्या. मागं तुझा खाकरण्याचा आवाज यायचा. "देते त्यांना," त्या म्हणायच्या, आणि मग, "आंघोळीला गेले वाटतं." भर दुपारी आंघोळ. मीही मग हट्टानं म्हणायचे, राहू द्या.

उन्हाळ्यात तपासणीला तुला गुलबर्ग्याला यायचं होतं, तेव्हा तू माझ्याकडं उतरशील म्हणून मी गादी उन्हात घातली होती. तुम्ही दोघं सकाळच्या बसनं आलात, दवाखाना केलात आणि दुपारच्या बसनं परत गेलात. मला संध्याकाळी कळलं. गादी आत घेताना मी तुझ्यावर फार चिडले. मनातल्या मनात तुझ्याशी जे भांडले, त्यात तुझी बाजूही मीच मांडत होते. तू इतका वाईट भांडत नाहीस.

आणि मग त्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. चहा घेताना छातीत कळ आली, कप खाली ठेवलास, आणि संपलं. दवाखान्यापर्यंतही नाही.

मी पोचले तेव्हा तुला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. मी तुझ्या पायांशी बसले. माझ्याशी न बोलता गेलास, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. लोक रडणाऱ्या बहिणीला समजावत होते, "चांगलं मरण आलं, कुणाला त्रास न्हाई." मला तू त्रास द्यायला हवा होतास. महिनाभर अंथरुणावर पडायला हवा होतास, मी येऊन बसले असते, तू तोंड फिरवलं असतंस, आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून बोलला असतास.

सगळे गेल्यावर, काल सकाळी, वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी परत जायला निघणार होते.

"वन्सं, बसनं कामून जाता? मी सोडते तुमाला."

मला आधी कळलंच नाही. तुमचा मुलगा पुण्याला परत गेला होता. मी विचारलं, "कुणाच्या गाडीनं?"

"आपल्याच की." त्यांनी कमरेची किल्ली काढून दाखवली. "मला येती गाडी. ह्यांनी शिकवले."

माझ्या वहिनी, अण्णा. उभ्या जन्मात त्या गाडीत मागच्या सीटवर डबे आणि पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या. सायकलवरसुद्धा कधी बसल्या नाहीत. 

मग त्यांनी सांगितलं. आपल्या भांडणानंतर तू बरेच दिवस गाडीच्या बाजूला फिरकलासुद्धा नाहीस. "राग व्हताच की," त्या म्हणाल्या. आंघोळीचं एक सोडलं तर खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "तुमचं नाव काढलं की उठून जायचे. मग एक दिवस सकाळीच म्हणाले, सुमन, चप्पल घाल, चल. मी म्हणले, कुठं? म्हणाले, शकू म्हणायलीय ते खरं हाय. मी चालवायची न्हाई. पण गाडी उभ्यानं सडवायची बी न्हाई."

तू वहिनींना रोज पहाटे मोकळ्या मैदानात नेत होतास. आधी कॉलनीतल्या निकमांच्या मुलाला गाडी तिथवर न्यायला लावायचास आणि मग धडा संपेपर्यंत त्याला परत पाठवून द्यायचास, कारण शिकवणारा तूच. त्या पहिल्या आठवड्यात दोनदा रडल्या. तू एकदाही ओरडला नाहीस, असं त्या म्हणाल्या. यावर माझा विश्वास बसत नाही, पण त्या खोटं बोलत नाहीत हे वर सांगितलंच आहे. पुढं त्यांना शिकाऊ लायसनही काढून दिलंस. त्यावरच्या फोटोत वहिनी घाबरून अशा काही दिसतात की तू तो सगळ्यांना दाखवत फिरत होतास.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तुमालाच सांगायचं न्हवतं. दसऱ्याला गुलबर्ग्याला जायचं, वन्संच्या दारात उभं राहून हॉर्न मारायचा, असं चाललं व्हतं त्यांचं. ती खिडकीतनं बघंल, मी डाव्या बाजूला बसलेला असंन, तवा तिचं तोंड बघायचंय, म्हणायचे."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. एवढे महिने मी तुला रुसलेला समजत होते. तू रुसलेला होतासही, पण त्याच वेळी माझ्यासाठी येण्याची तयारी करत होतास, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. किल्ली काढून घ्यायचं मला सुचलं. त्या सीटवर दुसऱ्या कुणाला तरी बसवता येईल, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तर त्या मैदानात मी पण असते. मागच्या सीटवर बसून तुम्हा दोघांना हसले असते. याचं दुःख किल्लीच्या दुःखापेक्षा मोठं आहे.

आम्ही दुपारी निघालो. पुढं मागं शिकाऊचं लाल अक्षर चिकटवलेलं. लायसनवाली म्हणून मी डावीकडं, तुझ्या नव्या जागेवर. वहिनींनी आधी चपला काढल्या, नमस्कार केला आणि मग गाडी सुरू केली. सावकाश चालवतात. बैलगाडीलासुद्धा पुढं जायला देतात. हुमनाबादला थांबलो, चहा घेतला. त्यांच्या चालवण्यातली एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. त्या सारख्या बोलत होत्या. माझ्याशी नव्हे.

"डावीकडं सायकल. उजवीकडं दोन म्हशी, पोरगं मागं हाय. पुढं टमटम थांबायलाय. डावीकडं बाई, पोराचा हात धरलीय."

मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"असंच शिकवले ह्यांनी. दिसंल ते बोलून दाखवायचं म्हणले. न्हाई बोलले की चिडायचे." त्यांनी गिअर बदलला. "मला पहिल्यांदा वाटलं, शिकवायची रीत असंल. मग कळलं. त्यांना दिसत न्हवतं न्हवं, म्हणून. मी बोलले की त्यांना रस्ता दिसायचा."

कमलापूरच्या पुढं अंधारून आलं. त्यांनी स्विच ओढला. टक्. रस्ता पार पुढच्या वळणापर्यंत उजळला. "लई चांगली लाइट हाय हो," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी सगळ्यांना सांगायचे, माझ्या बहिणीनं केली म्हणून." हेही तू मला कधी सांगितलं नाहीस. पण तुझ्या कालव्याच्या उदाहरणाचं कौतुक मी तरी तुला कुठं सांगितलं?

माझी गल्ली तुला माहीतच आहे. पुढं बंद, आणि फाटक इतकं अरुंद की गाडी मागे घेतच आत आणावी लागते. तोंडाशी आल्यावर वहिनींनी गाडी थांबवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"वन्सं, रिव्हर्स ऱ्हायला. पुढच्या आठवड्यात शिकवतो म्हणले व्हते."

मी म्हटलं, मी घेते. त्या म्हणाल्या, "नगं. मीच घेते. तुमी मागं उभं राहा."

मी उतरून गाडीमागं गेले. गल्लीतला खांबावरचा दिवा बंद होता. गाडीचे सगळे दिवे पलीकडच्या बाजूला, माझ्याकडं मागचे दोन छोटे लाल ठिपके तेवढे. वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुमी दिसत न्हाई मला. बोलत राहा, तुमच्या आवाजावर येते."

मी फाटकाला हात लावून उभी राहिले आणि बोलू लागले. या. या अजून. डावीकडं भिंत आहे, थोडं उजवीकडं घ्या. पायरी आहे, सांभाळा. या. गाडी कुरकुरत, थांबत, एक एक वीत माझ्याकडं येऊ लागली. मी मधेच बोलायची थांबले तशी तीही थांबली. आतून वहिनी म्हणाल्या, "का हो गप्प झालात?" मी पुन्हा सांगू लागले, कडेला काय आहे, किती जागा उरलीय, कुठं वळायचं. गाडी पूर्ण आत आली, इंजिन बंद झालं, वहिनी उतरून फाटक लावून घेऊ लागल्या, तरी मी बोलतच होते, अण्णा.